सात नंबरचं झाड

"जे कोनी आंगात घालतच नाई, ते मी काऊन धुवू? मळलं असन तं धुवाव. हे तं कोरंच्या कोरं हाय!"

धुण्याच्या दगडावर मीराबाई एकटीच होती. पण मीराबाईचं स्वतःशी बोलणं नेहमी दुसऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानंच असायचं. भिंतीच्या अलीकडं भागीरथाबाई तोंडात ब्रश धरून उभी होती. मधली भिंत जेमतेम खांद्याएवढी, त्यातही वरच्या दोन विटा पडलेल्या. न ऐकण्याची सोयच नव्हती.

"नऊ पोट्ट्या अन् धा बनियन," मीराबाई दगडाला सांगत होती. "धावा बनियन भुताचा काय मंग?"

भागीरथाबाईनं चूळ भरली. 'मग नको धुवू' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. ते काही तिच्या तोंडातून निघाले नाहीत.

"उद्या फायनल हाय, मीराबाई. सगळे लागतीन."

"हो ना. सगळे," मीराबाई म्हणाली, आणि सात नंबरची ती निळी जर्सी तिनं अशी पिळली, की जर्सीला मान असती तर मोडली असती.

मीराबाई आश्रमशाळेतली कामाठी. सव्वाशे पोरींच्या भातापासून त्यांच्या उवांपर्यंत सगळं तिच्याकडं. भागीरथाबाई गुरनुले त्याच शाळेतली खेळाची बाई. धानोऱ्याच्या पुढं, डांबरी रस्त्याला कंटाळा येतो तिथं ही शाळा आहे. आणि सात नंबरची जर्सी इतवारीची.

इतवारी जानेवारीत आईबापाबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेली. इकडची निम्मी माणसं जातात, त्यात नवल नाही. ती मोहाची फुलं पडायच्या आत येणार होती. मोह पडला. मग शाळा उघडेपर्यंत येणार होती. शाळा उघडली. मग पोळ्याला येणार होती. आता दिवाळीला येईल, असं सगळ्याजणी म्हणायच्या, आणि म्हणताना एकमेकींच्या तोंडाकडं बघायच्या नाहीत.

उद्याची फायनल जिल्ह्याची होती. जिंकलं तर टीम नागपूरला विभागाचे सामने खेळायला जाणार. तिथं निवडणारे लोक बसतात. नजरेत भरलेल्या पोरींना खेळाच्या वसतिगृहात घेतात. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथं. टीमची कॅप्टन रीना दहावीत होती, आणि तिच्या बापानं, झिंगूनं, सरळ सांगून टाकलं होतं, "बाई, दहावीपोतर पोरगी तुमची. मंग नागपूरवाल्यायनं नेली तं नेवो. नाई तं आमच्यासंगं मिरचीले."

झिंगू वाईट माणूस नव्हता. त्याला दुसरा रस्ता दिसत नव्हता, एवढंच. भागीरथाबाईला दिसत होता, आणि तो नेमका त्या लोखंडी रिंगमधून जात होता.

आता ही बाई बास्केटबॉलला कशी लागली, तेही सांगितलं पाहिजे. ती पोंभुर्ण्याकडची, धानाच्या बांध्यांत वाढलेली, कॉलेजात कबड्डी खेळलेली. एका वर्षी शाळेला कुठूनतरी दोन खांब आणि दोन रिंगा आल्या. हेडमास्तर म्हणाले, उभ्या करा, तपासणी येणार आहे. उभ्या केल्यावर कोणीतरी खेळताना दिसायलाही पाहिजे. मग बाईनं नियमांचं पुस्तक मागवलं, आणि बाकीचं मोबाइलवर सामने बघून शिकली. व्हिडिओ चालेल एवढं नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर यायचं. पंचेचाळिशीची बाई रोज संध्याकाळी टाकीवर चढून बसते म्हटल्यावर गावात काही दिवस भलतीच काळजी पसरली होती.

त्या टाकीवरच तिनं हुरूप वाढवणारी भाषणंही ऐकली. दुसऱ्या दिवशी पोरींना मैदानात गोल बसवलं आणि मूठ आवळून म्हणाली, "पोरींनो, मैदानात उतरलं की वाघ व्हा!"

मग पुनमनं हात वर केला. पुनम सगळ्यांत बारकी. डोळे एवढे मोठे, की आधी डोळे येत आणि मागून पुनम.

"बाई, वाघ नको. गेल्या साली वाघानं आमचा गोऱ्हा नेला."

"आमच्या मामाचे दोन नेले," दुसरी म्हणाली.

मग अर्धा तास नुसत्या वाघाच्याच गोष्टी. कोणाचा कुत्रा, कोणाची शेळी, कोणाचा आजा झाडावर कसा बसून राहिला. सराव राहिला बाजूला. त्या दिवसापासून भागीरथाबाईनं भाषणं सोडली ती सोडलीच.

पळायला या पोरींना शिकवावं लागलं नाही. नेमही होता. लहानपणापासून गुलेलीनं आंबे पाडणारे हात ते. घोडं अडायचं ते उसळलेल्या बॉलवर. या खेळात निम्मे बॉल रिंगवर आपटून परत येतात, आणि जो झेपावून घेईल त्याचे होतात. या पोरी घ्यायच्याच नाहीत. बॉल दुसरीच्या अंगणात पडला की ही खांबासारखी उभी. समोरच्या टीमची पोरगी येऊन घेऊन जायची, तरी ही उभी.

"झपट ना वं!" भागीरथाबाई ओरडायची. आणि पोरी तिच्याकडं अशा बघायच्या, जशी काही बाई त्यांना चोरी शिकवून राह्यली.

उत्तर सापडलं ते मोहाखाली. मार्च लागला की शाळा ओस पडते. पोरी न सांगता घरी जातात, कारण मोह शाळेची घंटा बघून पडत नाही. गेल्या वर्षी भागीरथाबाई पोरींना परत आणायला त्यांच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर गेली. रीना, पुनम, इतवारी, तिघी तिथल्याच. रीना आणि इतवारी तर सख्ख्या चुलत बहिणी. झिंगूच्या घरी बाई मुक्कामाला राहिली आणि उजाडताना सगळ्यांबरोबर रानात गेली.

मोहाखालचा पालापाचोळा जाळून जमीन लख्ख केलेली. पिवळी, फुगलेली फुलं टपटप पडत होती. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. ना कुंपण, ना खूण, पण कोणाचं पाऊल चुकत नव्हतं. झिंगूचा धाकटा, चार वर्षांचा इसरू, वेचत वेचत कडेला आला आणि थांबला. हातभर पुढं एक छान फूल पडलं होतं. त्यानं पाहिलं आणि तो वळला.

"घे ना रे," भागीरथाबाई म्हणाली.

"ते कोलूचं हाय," इसरू म्हणाला. बाईविषयी त्याचं मत तिथंच कायमचं बनलं.

कोलूच्या झाडाखाली कोणीच वेचत नव्हतं. फुलांचा थर साचला होता, खालची काळी पडली होती, आणि आंबूस वासावर माशा घोंगावत होत्या.

"कोलू कुठी हाय मंग?" तिनं झिंगूला विचारलं.

"तेलंगणात. लय साल झाले."

"मंग कोनी वेचत काऊन नाई? चांगली फुलं सडून राह्यली ना."

"त्याच्या घरच्यानं सांगतलं नाई अजून," झिंगू म्हणाला. त्याच्या दृष्टीनं एवढं पुरेसं होतं. बाईच्या तोंडाकडं बघून त्यानं पुढचं सांगितलं. "मानूस बाहेर गेलं तं त्याचं झाड तसंच ठेवाव लागते, बाई. येइन ना ते. येतच नसन तं घरचं मानूस झाडाखाली उभं राह्यते अन् आपल्या तोंडानं म्हनते, 'आमचं मानूस येत नाई. आता तू वेच.' मंग ते झाड दुसऱ्याचं. कोलूची माय दर साली येते. झाडाखाली बसते. अन् म्हनते, पुढच्या साली येइन."

भागीरथाबाईनं वाया चाललेल्या फुलांबद्दल चुकचुक केली आणि तो विषय तिथंच सोडला. ती काही मोह न्यायला आली नव्हती. तिच्या डोक्यात इसरूचं ते वळणं घर करून बसलं होतं.

शाळेत परतल्यावर तिनं रिंगखाली चुन्यानं पाच गोल काढले.

"हे पाच झाडं," ती म्हणाली. "हे रीनाचं. डावीकडलं मोठं, ते इतवारीचं. ते तुझं, ते तुझं. वरून बॉल नाई पडत, मोह पडते. आता सांगा, तुमच्या झाडाखाली परकी पोट्टी येऊन वेचून गेली तं?"

पोरींचे डोळे असे काही झाले, की भागीरथाबाईलाच क्षणभर मागं सरावंसं वाटलं.

त्यानंतर गोष्टच वेगळी झाली. पोरी बॉल पडायची वाट बघेनात. पडायच्या आधीच मान वर करून झाडाखाली हजर. परकीचा हात पुढं आला की कोपर, खांदा, कंबर, सगळं मध्ये. इतवारी सगळ्यांत भारी. उजवीकडून मारलेला बॉल चुकला की बहुतेक डावीकडंच पडतो, म्हणून सगळ्यांत जास्त मोह तिच्या झाडाखाली पडायचा आणि एकही वाया जायचा नाही. त्या वर्षी पोरींनी तालुका जिंकला, आणि जिल्ह्याच्या फायनलला अगदी थोडक्यात हरल्या. परतीच्या गाडीत सगळ्या रडत होत्या. इतवारी तेवढी रडली नाही. तिनं रीनाचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं आणि म्हणाली, "पुढच्या साली दोघी नागपूर."

त्यानंतर आला जानेवारी.

यंदा इतवारीच्या जागी पुनम खेळत होती. तीच ती वाघवाली. पास चांगला, पाय चपळ, अंग लहान पण भीती कोणाची नाही. पण डाव्या बाजूचं ते झाड आलं की पोरगी त्याच्या कडेकडेनं पळायची. चुना पावसानं केव्हाच धुऊन नेला होता. पुनमच्या डोळ्यांतला गोल मात्र तसाच होता. भागीरथाबाईनं ओरडून बघितलं. गोड बोलून बघितलं. सरावानंतर शेंगदाण्याची चिक्की देऊन बघितली. दोन्ही खांदे धरून त्या जागी उभी केली. बाई बघत होती तोवर पुनम उभी राहायची, आणि बॉल वरून यायला लागला की तव्यावर पाय पडल्यासारखी बाजूला व्हायची.

इतवारी येणार नाही, हे भागीरथाबाईला पोळ्यापासून माहीत होतं. तिच्या बापाला तिनं किती फोन केले त्याला गणती नाही. आधी तो म्हणायचा, "पाहू, बाई." मग नुसतीच रिंग वाजायची. मग फोनमधून कोणी बाई तेलुगूत काहीतरी सांगू लागली, ते न कळताही कळत होतं. शेवटी धानोऱ्याच्या बाजारात झिंगू भेटला. पिशवी या हातातून त्या हातात करत म्हणाला, "माह्या भावाले तिकडं मिरचीच्या गोदामात बारमाही काम लागलं, बाई. खोली बी भेटली. इतवारी बी जाते कामाले. आता ते तिकडचेच झाले." मग इकडं तिकडं बघून म्हणाला, "रीनाले सांगू नका फायनलपोतर. पोरगी मोडन."

"नाई सांगत," भागीरथाबाई म्हणाली. आणि ती शब्दाची पक्की.

गंमत अशी, की इतवारीनं स्वतःच मीराबाईच्या फोनवर फोन करून रीनाला हे कधीचंच सांगून टाकलं होतं. रीना कोणाला काही बोलली नाही, पण तिनं त्या रात्री ताटातला भात टाकून दिला, आणि वसतिगृहात भात टाकलेला लपत नाही. पोरींना माहीत नाही, असं बाईला वाटत होतं. बाईला माहीत नाही, असं पोरींना वाटत होतं, आणि बाईचं काळीज तुटेल म्हणून त्या गप्प होत्या. मीराबाईला दोन्हीकडचं माहीत होतं. म्हणून तिचा सगळा राग त्या जर्सीवर निघायचा.

दुसऱ्या दिवशी लटारूभाऊच्या काळीपिवळी जीपमध्ये कोंबून टीम गडचिरोलीला पोचली. नऊ पोरी, बाई, पाण्याचा ड्रम, आणि ड्रम कोणी सांडेल म्हणून ड्रमाला मिठी मारून बसलेली मीराबाई. दहा जर्स्यांची बॅग भागीरथाबाईच्या मांडीवर.

समोरची टीम शहरातली. सगळ्यांचे बूट सारखे, सगळ्यांच्या वेण्या सारख्या. उंची तर अशी, की पुनम त्यांच्यापैकी एकीच्या काखेखालून वाकल्याशिवाय गेली असती.

"एवढ्या लंब्या पोट्ट्या काय खाऊन राह्यल्या?" मीराबाईनं विचारलं.

"भातच खातात, मीराबाई."

"आमचाच भात वाकडा हाय काय मंग?"

पोरी हसल्या, आणि हसतच मैदानात उतरल्या. सुरुवात बरी झाली. रीनानं दोनदा आतून घुसून बॉल टाकला, बाहेर बसलेल्या आश्रमशाळांच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण समोरच्या टीमचे सर काही डोळे मिटून बसलेले नव्हते. डावीकडं पडलेला बॉल कोणी उचलतच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांच्या पोरी मुद्दाम उजवीकडून मारू लागल्या. लागला तर लागला. चुकला तर डावीकडं पडेल, आणि डावीकडं रान मोकळं. त्या उंच पोरी येत, आरामात बॉल उचलत आणि परत रिंगमध्ये टाकत. पुनम दोन पावलांवर उभी राहून बघायची.

हाफटाइमला टीम सात गुणांनी मागं होती.

भागीरथाबाईचा तोल गेला. "तुले पाय नाईत काय वं? तुह्या डोळ्यादेखत वेचून नेऊन राह्यल्या!"

पुनमच्या मोठ्या डोळ्यांत पाणी भरलं. "मले तिथी जाता येत नाई, बाई."

"काऊन येत नाई?"

"मले कोनी सांगतलं नाई."

"अवं, मी रोज सांगून राह्यली ना! जीभ झिजली माही!"

पुनमनं मान खाली घातली. अगदी हळू म्हणाली, "तुमी नाई, बाई."

आणि तिनं एकदाच, चोरून, रीनाकडं बघितलं. रीना खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. नाडी बांधलेलीच होती. बाकीच्या पोरी पाण्याच्या ड्रमाकडं, रिंगकडं, स्वतःच्या नखांकडं, जिथं जमेल तिथं बघत होत्या. रीनाकडं तेवढी कोणीच बघत नव्हती.

भागीरथाबाईच्या कानात झिंगूचं वाक्य जसंच्या तसं वाजलं. त्याच्या घरच्यानं सांगतलं नाई अजून.

ती बाकावर बसली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना, कधीपासूनच. आणि ही पोरगी घाबरट नव्हती, ढ नव्हती. ती परक्याच्या झाडाला हात लावत नव्हती. चुन्याचे गोल काढून त्यांना झाड कोण म्हणालं? तीच. नुसतं झाड म्हणून चालत नाही. झाड आलं की झाडाचा कायदाही येतो. टोल्यात बसून तिनं तो कायदा कानांनी ऐकला होता, आणि फुलांबद्दल चुकचुक करून सोडून दिला होता.

बाकाच्या टोकाला सात नंबरची जर्सी घडी घालून ठेवलेली होती. ती कोणी ठेवली? तिनंच. प्रत्येक सामन्याला बॅगेतून काढून, हातानं सुरकुती मोडून, तिनंच ठेवली होती. कोलूची माय अजून काय वेगळं करत होती?

तिनं जर्सी उचलली आणि मीराबाईच्या हातात दिली. "हे ठेव तुह्या पिशवीत."

जर्सी मीराबाईनं पिशवीत घातली ती मात्र हळुवार, निजलेलं लेकरू ठेवावं तशी.

रीनानं ते बघितलं. भागीरथाबाई तिच्यासमोर उकिडवी बसली. झिंगूला शब्द दिला होता. आणि शब्द दिला नसता तरी हे बोलणं तिचं नव्हतं. बाईनं शंभरदा सांगितलं तरी ते झाड पुनमचं होणार नव्हतं. ज्याचं बोलणं त्यानंच बोलावं लागतं. तिला फक्त पोरीला त्या झाडापर्यंत नेऊन सोडता येत होतं.

"रीना," ती म्हणाली, "कोलूच्या मायनं यंदा काय केलं वं?"

रीनानं नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "आली. झाडाखाली बसली."

"मंग?"

"काई नाई. फुलं सडली."

"अन् झाड?"

"झाड काय करन, बाई? झाड तं टाकतच राह्यते."

"हो," भागीरथाबाई म्हणाली. "टाकतच राह्यते."

शिट्टी वाजली. याला काही भाषण म्हणता येत नाही. टाकीवर ऐकलेल्या कुठल्याही भाषणात यातलं एक अक्षर नव्हतं.

उरलेल्या सामन्यात रीना जशी खेळली, तसं कोणी खेळताना भागीरथाबाईनं टाकीवरही बघितलं नव्हतं. तिनं बोलायचं ते बोलली नाही. त्याऐवजी स्वतःच दोन्ही झाडं वेचायला लागली. ती इतवारीच्या घरची; तिला त्या झाडाखाली जायला मोकळीक होती. उजवीकडं आपलं झाड, डावीकडं बहिणीचं, आणि मध्ये रीना, एकीकडून दुसरीकडं. चार बॉल उचलले, पाचवा उचलला, पडली, गुडघा फुटला, उठली. बाकीच्या पोरींनाही चेव आला. पुनमनं लंब्या पोरीच्या हातातला बॉल टिपून पळ काढला आणि एकटीनं जाऊन टाकला. सातचे पाच झाले, तीन झाले, आणि शेवटच्या मिनिटाचा काटा फिरायला लागला तेव्हा आश्रमशाळा एका गुणानं पुढं होती.

पण एक माणूस दोन झाडं किती वेळ राखणार? रीनाला डावीकडं पोचायला पाऊल उशीर झाला. ती त्या उंच पोरीच्या अंगावर जाऊन आदळली. शिट्टी. फाउल. शहराच्या टीमला दोन मोकळे बॉल, म्हणजे फ्री थ्रो.

इथं एक सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला लागायला नको. तो सामना आश्रमशाळेनं जिंकला. कप हेडमास्तरांच्या कपाटावर आहे, आणि मीराबाई त्यात सुईदोरा ठेवते, कारण तिच्या मते एवढं मोठं भांडं नुसतं चमकायला ठेवणं पाप आहे. पण कप काही एवढा महत्त्वाचा नाही. त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाविषयीच ही सगळी गोष्ट आहे.

मोकळा बॉल मारताना सगळ्या खेळाडू रिंगच्या दोन्ही बाजूंना ओळीनं उभ्या राहतात. रिंगच्या सगळ्यांत जवळची जागा बॉल राखणाऱ्यांची. उजवीकडं एक, डावीकडं एक. रीना उजवीकडं उभी राहिली. दम लागून तिची छाती खालीवर होत होती, गुडघ्यावरून रक्त मोज्यात उतरत होतं. आता तिला दोन्हीकडं उभं राहता येणार नव्हतं.

पहिला बॉल रिंगमधून सरळ गेला. गुण सारखे झाले. आता दुसरा. हा गेला तर नागपूर गेलं. चुकला, तर जिच्या हातात पडेल तिचं.

डावीकडची जागा रिकामी होती. पुनम तिच्या कडेला, रेषेच्या बाहेर, दोन्ही हात छातीशी धरून उभी होती. रेफरी बॉल काखेत धरून थांबला. त्या रिकाम्या जागेकडं बोट करून त्यानं विचारलं, "इथं कोणी येणार आहे का?"

साधा प्रश्न. तो रोज दहादा विचारत असेल. पण आश्रमशाळेच्या पाचही पोरी आणि बाकावरच्या चौघी जागच्या जागी थिजल्या.

भागीरथाबाईच्या जिभेवर सगळं आलं. पुनम, जा. उभी राह्य. जा वं! तिनं दोन्ही ओठ दातांत धरले. एवढ्या वर्षांत ती मैदानावर गप्प राहिल्याचं कोणी बघितलं नव्हतं. शेजारी मीराबाईनं पिशवी पोटाशी घट्ट धरली होती.

"येणार आहे का कोणी?" रेफरीनं पुन्हा विचारलं.

रीनानं त्या रिकाम्या जागेकडं बघितलं. मग ती आपली जागा सोडून चार पावलं चालत रिंगखाली आली. रेफरी काहीतरी म्हणायला गेला आणि थांबला. तिथं उभं राहून तिनं एकदा वर रिंगकडं बघितलं, मोहाखाली उभी असलेली माणसं बघतात तसं. मग पुनमचं मनगट धरून तिला रेषेच्या आत ओढलं. तिचा आवाज फुटका होता, पण मैदानाच्या टोकापर्यंत गेला.

"आमची इतवारी येत नाई," रीना म्हणाली. "आता तू वेच."